उजव्या पापणीचा कौल

सकाळी साडेसातला परसात लोखंडी कढईत वाळू खरखरायला लागली की माझा उजवा हात दुखायला लागायचा. अजून कोणी त्याला शिवलेलंही नसायचं.

आमच्या देवबागेत वाळू शोधायला जावं लागत नाही. घराच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांखाली आम्ही. माझा मुलगा गुरुदास पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतो. होडीवर जाण्याआधी तो बादलीभर कोरडी वाळू आणायचा, चाळायचा, भाजायचा, माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात तिची पुरचुंडी बांधायचा आणि माझ्या खाटेशी येऊन बसायचा. त्याच्या आजोबांचे गुडघे याच शेकाने सुटले होते, असं आमच्या घरात सगळे सांगतात.

"आये, बरा वाटता मा?"

"व्हय," मी म्हणायची.

मग तो पुरचुंडी आणखी दाबायचा. त्याच्या कपाळावर घाम यायचा, इतकं मनापासून करायचा. माझ्या हातात मात्र पेटलेलं लाकूड फिरवल्यासारखं व्हायचं. मी दात आवळायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि सारिका, माझी सून, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, "बघा, गुण येता तो. आईंच्या डोळ्यात पाणी इला."

मला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होते. डोक्यात डाव्या बाजूला रक्ताची गाठ झाली, त्यामुळे उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. पाय दोन महिन्यांत काठी टेकत थोडा परत आला. बोलण्यातला मात्र एकच शब्द उरला. व्हय. पाणी हवं असलं तरी व्हय, चादर काढा तरी व्हय, नको, पुरे, मेले, सोडा, सगळ्याला व्हय. आत काही बिघडलं नव्हतं. कोणत्या वर्षी कोणाची होडी बुडाली, कोणाच्या लग्नात खीर करपली, माझ्या धाकट्या जावेने कोणत्या दिवाळीत माझ्या चकल्यांना नावं ठेवली, सगळं जिथल्या तिथे होतं. मी मनात अख्खं वाक्य जुळवायची. ते जिभेपर्यंत धडपणे यायचं आणि तोंडातून बाहेर पडताना त्याचं व्हय होऊन जायचं.

आता दोन वर्षांनी बरेच शब्द परत आले आहेत. काही अजून वाटेत आहेत. पण त्या पाच महिन्यांत मी माझ्याच घरात, दहा पावलांवर माझी माणसं असताना, बाहेरून कडी घातलेल्या खोलीत होते. दार ठोठावलं की आवाज यायचा तो "व्हय". लोकांना वाटायचं, बाई सुखात आहे.

दुसऱ्या महिन्यात हात दुखायला लागला तो आधी खांद्यात. मला खाटेवरून उठवताना गुरुदास त्याच हाताला धरून ओढायचा, होडी वाळूवर ओढून घेतात तसा. लुळा हात खांद्यातून निसटल्यासारखा व्हायचा. मग सूज आली. बोटं चकाकायला लागली, कातडी ताणून कुळथाच्या पिठल्यासारखी गुळगुळीत, रंग कधी जांभळा, कधी राखेसारखा. स्पर्शाला हात मासळीसारखा गार, आणि आत आग. पदराची कड लागली तरी जीव जायचा. पंख्याचा वारासुद्धा लागायचा. गार हात बघून गुरुदासला वाटलं, ऊब कमी पडते. म्हणून वाळू.

रॉविना आमच्याकडे आली ती चौथ्या महिन्यात. मालवणची मुलगी, व्यायाम शिकवायला स्कूटरवरून घरोघरी जायची. तिचे वडील डॉमिंगो मास्तर गुरुदासला शाळेत गणित शिकवायला होते, त्यामुळे ती आल्या आल्याच घरची झाली. पहिल्या दिवशी तिने माझ्या दोन्ही हातांवर आपल्या हाताची पाठ टेकवली, आधी डाव्या, मग उजव्या. उजव्याला टेकवताच मी आखडले.

"आजी, दुखता?"

"व्हय."

"दुखणा नाय?"

"व्हय."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचा नाव सत्यवती?"

"व्हय."

"मी तुमची सून?"

"व्हय."

"माझो घोव मॅक्सवेल, तो तुमचो पण घोव?"

"व्हय."

रॉविनाचा नवरा मी आपलाच म्हटलेला ऐकून सारिका पदर तोंडात कोंबून हसत सुटली. "अगो बाय, सांभाळ गो! आमच्या आईंनी तुझो घोव नेलो!"

मलाही हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. रॉविना मात्र गुरुदासकडे वळली होती. "गुरुदासदादा, ह्यांचो व्हय आजपासून मोजूचो नाय. तोंडाकडे बघूचा. आणि ही वाळू बंद. ह्या हातार कोणी गरम काय्येक ठेवचा नाय, आणि हाताक धरून उठवचा नाय."

"माझ्या आजाक ह्याच शेकान…" गुरुदास म्हणाला.

"तुमच्या आजाचे गुडघे होते. ह्यो हात आसा. ह्यात रगात उतरणा नाय."

वाळूची बादली परसात तशीच राहिली. गुरुदास दोन दिवस होडीवरून आला की परसातच जाऊन बसायचा. पाठमोरा बसला की त्याचे खांदे बघून मला कळायचं, तो मनात हिशेब करतोय, आईला किती दिवस भाजलं. मला त्याला सांगायचं होतं, जाऊ दे रे. मी म्हणाले, "व्हय." तो उठून बाहेर गेला.

रॉविनाने सांगितलं म्हणून तो मला तालुक्याच्या गावी एका दुखण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण होते, मवाळ बोलायचे. त्यांनी हात पाहिला आणि म्हणाले, मानेत एक सुई द्यायची, अशा चार-पाच द्याव्या लागतील, आठवड्याला एक. आठवडाभराने पहिली. त्याच सुमारास रॉविना भावाच्या, सोकोरोच्या, लग्नाला गोव्याला गेली होती.

सुईच्या वेळी गुरुदासला बाहेर बसवलं. आत मी, डॉक्टर आणि एक सिस्टर. बोटाला त्यांनी तापमान दाखवणारी वायर चिकटवली. पडद्यावर आकडा आला, अठ्ठावीस.

"आजी, ऐका," डॉक्टर म्हणाले. "मानेच्या मुळाशी नसांची एक गाठ असते. तुमच्या हातातल्या रक्तवाहिन्या तिने आवळून धरल्यात. आपण तिला औषध देऊन काही तास झोपवणार. मग रक्त हातात उतरेल, हात गरम होईल, दुखणं हटेल. याच बाजूची पापणी खाली पडेल, डोळा लाल होईल, आवाज बसेल. घाबरायचं नाही. पापणी पडली म्हणजे औषध बरोबर जागी पोचलं. संध्याकाळपर्यंत सगळं पूर्ववत. समजलं?"

"व्हय," मी म्हणाले, आणि मला खरंच समजलं होतं.

"सिस्टर, बाहेर यांच्या मुलालाही सांगा."

सिस्टरने मान हलवली. तेवढ्यात शेजारच्या खोलीत कोणाला तरी घेरी आली आणि ती तिकडे धावली. परत आली तेव्हा घाईत होती. सांगायचं राहिलं.

सुईचं मला फार आठवत नाही. आठवतं ते हाताचं. खांद्यावरून कोणी तांब्याभर कोमट पाणी सोडावं आणि ते दंडातून, कोपरातून, मनगटातून बोटांच्या टोकांपर्यंत उतरावं, तसं झालं. पडद्यावरचा आकडा एकोणतीस, तीस, एकतीस असा चढत तेहतीसच्या पुढे गेला. आग विझली. मी हात बघत पडून राहिले. मळकट जांभळ्या कातडीखाली गुलाबी रंग येत होता. सिस्टरने चादर ओढली, ती हातावरून सरकली, आणि मला फक्त चादर सरकली एवढंच कळलं.

गाडीत गुरुदासने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"आये! तुझो डोळो!"

"व्हय," मी म्हणाले. आवाज घोगरा, फाटका निघाला.

"आवाज पण गेलो! आये, माका बघ. दुसरो झटको इलो गो!"

मी व्हय, व्हय, व्हय म्हणत राहिले. जेवढी म्हणाले तेवढा तो अधिक घाबरला. डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं, तर त्याला वाटलं मी शेवटचं धरतेय. तो मला सरळ दुसऱ्या इस्पितळात घेऊन गेला. डोक्याचा फोटो काढला, तिथल्या डॉक्टरांनी हात-पाय ठोकून पाहिले, नवीन काही नाही म्हणाले, पण सुई मानेत दिली होती हे घाबरलेल्या गुरुदासने सांगितलंच नाही, त्यामुळे कशाने झालं तेही त्यांना सांगता येईना. संध्याकाळी पापणी हळूहळू वर गेली. गुरुदास माझ्या पायाशी बसून होता. एवढा बेचाळीस वर्षांचा माणूस, नख चावत होता.

"ता विष परत नको," तो सारिकाला म्हणाला. "आये हातान दुखली तरी चालात. जाऊक नको." मग माझ्याकडे वळला. "आये, परत सुई नको मा तुका?"

हवी आहे, एवढं म्हणायला मी सगळं बळ एकवटलं. होयी. माका होयी. माका सुई होयी.

"व्हय," मी म्हणाले.

"बघ! ती सुद्धा म्हणता," गुरुदास म्हणाला.

तोंडाकडे बघायचं तो विसरला. त्याला जे ऐकायचं होतं ते ऐकू आलं होतं. माझ्या दवाखान्याच्या फाइलमध्ये इंग्रजीतला एक कागद होता, तोही त्याने न वाचताच कपाटात टाकला.

दोन दिवस हात शांत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बोटं गार पडायला लागली आणि दुपारपर्यंत आग परत आली. आता ती जास्त वाटायची, कारण मधे दोन दिवस ती नव्हती. पडवीत आरामखुर्चीत मला बसवलेलं असायचं. समोर होड्या ये-जा करायच्या, पर्यटक फोटो काढायचे, मला हात करायचे. पुढच्या सुईचा दिवस शुक्रवार होता. मी दिवस मोजत होते, आणि ते मी मोजते आहे हे जगात कोणाला ठाऊक नव्हतं.

बुधवारी सारिकाने विषय काढला. "आईंचो हात परत काळो पडलो. एकदा डॉक्टरांका फोन तरी करा."

"मी देवाक इचारतंय," गुरुदास म्हणाला.

"देव काय सुयो टोचता?"

"तू गप. भिकाजी गुरवाच्या चेडवाक सुई दिवची काय नाय, ता देवच सांगात."

भिकाजी गुरव म्हणजे माझे वडील. आमच्या माहेरच्या देवळात कौल लावायचं काम त्यांचं. देवाच्या पाषाणावर, उजव्या आणि डाव्या अंगाला, पिटकोळीच्या लाल पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी सात-आठ वर्षांची असताना पाकळ्यांचं तबक धरून त्यांच्या शेजारी उभी राहायची. लग्न करू का, विहीर कुठे खणू, बोटीवर गेलेला माणूस येईल का. अर्धा-अर्धा तास माणसं त्या दोन पाकळ्यांकडे डोळे लावून बसायची. वडील गाऱ्हाणं घालायचे आणि मागून सगळे म्हणायचे, "व्हय म्हाराजा." माझ्या आयुष्यातला सगळ्यात जुना आवाज तोच असावा. कदाचित म्हणूनच तेवढा एक शब्द पुसला गेला नाही.

गुरुदास दुपारी परत आला. हातात प्रसादाचं केळीचं पान, त्यात पिटकोळीची फुलं. चेहरा उतरलेला.

"देव बोलूक नाय," तो म्हणाला. "दोनय पाकळ्यो जाग्यावर. तासभर बसलंय."

"मगे?"

"मगे काय. देव बोलासर थांबूचा."

म्हणजे शुक्रवार गेला. देवही माझ्यासारखाच गप्प.

पान माझ्या शेजारी स्टुलावर ठेवून तो जेवायला गेला. मी फुलांकडे बघत बसले आणि वडिलांचं एक बोलणं आठवलं. असाच एकदा कौल मुका राहिला होता, लोक उठायला लागले होते. वडील म्हणाले, "देव गप रवलो म्हणान उठान जाव नये. इचारणारो बदलूचो."

गुरुवारी सकाळी फटफट करत रॉविनाची स्कूटर आली. लग्नाची मेंदी हातावर तशीच. सारिकाने तिला पायरीवरच सगळं सांगितलं. गुरुदास होडीवर जायच्या तयारीत होता, तो पडवीत माझ्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला, भांडायला तयार.

"रॉविना, तू माका शिकव नको. माझ्या आवशीचो जीव जाता होतो."

"अरे पण झाला काय नेमका?"

"काय झाला काय! तोंड वाकडा झाला! आवाज गेलो!"

"तोंड वाकडा? खंयच्या बाजून?"

"माका काय म्हायत, मी गाडी चालवी होतंय!"

ते एकमेकांवर ओरडत होते आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मी डाव्या हाताने केळीच्या पानावरून दोन पाकळ्या उचलल्या. कालच्या, मरगळलेल्या. पेल्यातल्या पाण्यात बुडवल्या. चांगली ओली पाकळीच चिकटते, सुकी आधीच पडते आणि तो कौल धरत नाहीत, हे मला वडिलांनी शिकवलं होतं. एक पाकळी डाव्या डोळ्यावर, पापणीवर चिकटवली. दुसरी उजव्या पापणीवर. आणि बसले, पाषाणासारखी.

"अगो आई!" सारिका ओरडली. "काय करतात ह्या?"

"आये, डोक्या फिरला काय तुझा?" गुरुदास पुढे आला, आणि मधेच थांबला. पाकळ्या त्याने ओळखल्या. मांडणी ओळखली. माझ्या वडिलांच्या देवळात तोही लहानपणी तबक धरून उभा राहिलेला होता.

डोळे मिटलेले असल्यामुळे मला कोणी दिसत नव्हतं. लांब एक इंजिन वाजत होतं. मी उजवा डोळा किंचित उघडला, डाव्या हाताचं बोट त्या पापणीवर ठेवलं आणि पापणी खाली ओढली, हळू, त्या दिवशी जशी पडली होती तशी. पाकळी निसटली. गालावरून घरंगळून ती माझ्या दुखऱ्या हातावर पडली. एवढीशी पाकळी, पण तिचाही चटका बसला आणि माझ्या तोंडून हुंकार निघाला.

"उजवो," गुरुदास म्हणाला. आवाज एकदम बारीक. "उजवी पडली."

पण रॉविना पाकळीकडे बघतच नव्हती. ती माझ्या समोर उकिडवी बसली होती.

"आजी, पापणी? त्या दिवशी ही पापणी पडलेली? तोंड वाकडा नाय, नुसती पापणी? आणि डोळो लाल?"

"व्हय," मी म्हणाले. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"गुरुदासदादा," ती उठत म्हणाली, "पापणी पडली ती औषध बराबर पोचला म्हणान पडली. ती पडाकच होयी! हात गरम झाल्लो मा त्या दिवशी?"

गुरुदास माझ्या उजव्या हाताकडे बघायला लागला. हाताला त्या दिवशी त्याने हातच लावला नव्हता.

"माका कोणी सांगूक नाय," तो शेवटी म्हणाला.

"कागद खंय आसा?"

सारिकाने कपाटातून फाइल आणली. रॉविनाने तो इंग्रजी कागद पडवीत उभं राहून मराठीत वाचला. पापणी, डोळा, आवाज, सगळं त्यात होतं. गुरुदास ऐकत ऐकत खाली बसला.

"म्हणजे डॉक्टरान आयेक सांगल्यान," तो म्हणाला. "हिका म्हायत होता. गाडीत हिका सगळा म्हायत होता."

सारिका म्हणाली, "आणि तुमी तिकाच इचारी होतात, नको मा, नको मा."

शुक्रवारी डॉक्टरांनी त्याला आत येऊ दिलं. तो माझ्या डोक्याशी उभा होता, आणि सुई मानेला लागली तेव्हा त्याने डोळे मिटलेले मला दिसले. मग उघडून तो माझ्या उजव्या डोळ्यावरच नजर लावून राहिला, पापणी न लववता, कौलाला बसलेल्या माणसासारखा. सिस्टर दोनदा त्याला बाजूला हो म्हणाली. तो हलला नाही. माझी पापणी जड झाली, आणि उतरली.

"पडली!" तो ओरडला. "उजवी पडली!"

"हो, पडणारच," डॉक्टर दचकून म्हणाले. "सांगितलं होतं ना तुम्हाला?"

पडद्यावर आकडा चढत होता. गुरुदास त्याकडे बघतही नव्हता.

घरी येताना तो मागच्या सीटवर माझ्याजवळ बसला. गाडी सारिका चालवत होती, इंजिन घरघरेपर्यंत गिअर बदलत नव्हती, आणि तो तिला एकदाही बोलला नाही. मधेच त्याने आपला तळहात उशीवरच्या माझ्या तळहाताखाली सरकवला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. त्याचा हात होडीच्या दोरांनी खरबरीत झालेला, आणि माझा हात त्याच्याहून गरम होता.

"आये," त्याने विचारलं, "दुखता?"

"व्हय," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

तो दचकला, हात काढायला गेला. मग थांबला. माझ्या तोंडाकडे बघितलं, एक डोळा मिटलेला, एक उघडा. आणि हात तिथेच ठेवला.